मुंबईची हारवुड लीग : कचेऱ्या आणि गिरण्यांचे फुटबॉल

मुंबईच्या क्रीडाजीवनाचा विषय निघाला की आपल्या ज्ञातिबांधवांच्या मुखी प्रथम क्रिकेट येते; गिरणगावातील मंडळी असतील तर कबड्डी आणि कुस्ती. फुटबॉलचे नाव सहसा कोणी काढीत नाही. वस्तुतः या शहरात फुटबॉलचे साखळी सामने १९०२ सालापासून चालत आले आहेत. नायगाव व डिलाईल रोड येथील बीडीडी चाळी उभ्या राहण्यास तेव्हा सुमारे वीस वर्षांचा अवकाश होता. ‘हारवुड लीग’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या सामन्यांशी आपल्यासारख्या नोकरदार कुटुंबांचा संबंध वरकरणी दिसतो त्याहून बराच निकटचा आहे, म्हणून या अंकासाठी हा विषय घेतला आहे.

खेळ आणला तो गोऱ्या पलटणींनी. १८९१ साली रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले आणि पहिला चषक वूस्टरशर रेजिमेंटने नेला. त्यानंतर पंचेचाळीस वर्षे तो लष्करी संघांखेरीज कोणाच्या हाती लागला नाही. १९२३ साली कलकत्त्याचा मोहन बागान संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला व पराभूत होऊन परतला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती परंपरा एकदाची मोडली. हेच मोहन बागान १९११ साली कलकत्त्यास ईस्ट यॉर्कशर पलटणीला हरवून देशभर गाजले होते. त्याच वर्षी मुंबईत रोव्हर्स चषकाची समिती आणि बॉम्बे फुटबॉल असोसिएशन यांचे एकीकरण होऊन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली.

या खेळाचे प्रमुख क्रीडांगण म्हणजे ओव्हल मैदानाच्या दक्षिणेचे कूपरेज. येथे पूर्वी पिंपे बनविणाऱ्या कारागिरांची कर्मशाळा होती. पिंपे बनविणारा तो ‘कूपर’, त्यावरून हे नाव. आज तेथे जाणाऱ्यांपैकी किती जणांस हे ठाऊक असेल?

येथे क्रिकेटशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. मरीन लाइन्सवरील जिमखाने हिंदूंचा, पारशांचा, मुसलमानांचा असे धर्माधर्मांत वाटलेले होते, आणि चौरंगी-पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावरूनच निवडले जात. ही पद्धत १९४६ साली बंद पडली. मुंबईच्या फुटबॉलमधील बलाढ्य संघांची नावे मात्र निराळ्या जातीची होती : टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, मफतलाल, रेल्वे. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना थोडे हसू येते खरे. पण या मैदानावर खेळाडूची ओळख होती ती त्याच्या कचेरीच्या हजेरीपटावरून, हे नमूद केलेच पाहिजे.

याचे मर्म ‘हौशी’ या शब्दात आहे. नियमाप्रमाणे खेळाडूस खेळाबद्दल मोबदला घेता येत नसे. तेव्हा कंपनी त्यास कारकून, तंत्रज्ञ वा गिरणी कामगार म्हणून नोकरीत घेई, सरावासाठी सवलत देई आणि पगार महिन्याच्या महिन्याला चालू ठेवी. ज्या घरात कायमची नोकरी हेच मोठे भाग्य मानले जाई, तेथे मुलाच्या पायातील कसबाने सारे घर सावरले जाण्याची शक्यता निर्माण झाली. धोबीतलाव-गिरगावच्या कुडांत राहणाऱ्या गोमंतकीय तरुणांनी हा मार्ग चांगला जाणला. आपल्या कोकणी चाकरमान्यांच्या गावमंडळाच्या खोल्या असत, तशाच या कूड. एका गावची माणसे एका छपराखाली.

त्यांच्याच गोमंतकातला नेव्हिल डिसोझा टाटा व कॅल्टेक्स या संघांकडून खेळला. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला आणि स्पर्धेत चौथे स्थान मिळविले. त्याच चमूतील गोलरक्षक एस. एस. नारायण हा दादरशेजारच्या माटुंग्याच्या मैदानांवर तयार झालेला. १९५४ साली मुंबईने आणि १९६३-६४ साली महाराष्ट्राने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष करंडक जिंकला. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स चषक घरात ठेवला. मुंबईच्या फुटबॉलचा हा ऐन बहराचा काळ.

परंतु ज्या हजेरीपटाने हा खेळ जगविला, त्याच्याशीच त्याचे आयुष्यही बांधले गेले. कॅल्टेक्सचे राष्ट्रीयीकरण होऊन १९७८ साली ती हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली आणि ते नाव पाटीवरून गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पुष्कळसे पुन्हा आत गेलेच नाहीत. ज्या गिरण्यांत कामगारच उरले नाहीत, त्यांनी फुटबॉलचे अकरा जण कोठून पोसावेत? १९६२ पासून खेळणाऱ्या महिंद्राने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली, आणि तरीही २०१० साली तो संघ विसर्जित करण्यात आला. रोव्हर्स चषक तर २०००-०१ च्या हंगामानंतर भरलाच नाही.

याउलट कोल्हापूर पाहावे. तेथील संघ पेठांचे व तालमींचे : पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. त्यांच्यापाशी कंपन्यांचा पैसा कधीच नव्हता. पण पेठ काही राष्ट्रीयीकृत होत नाही, की तिला टाळेही लागत नाही. शाहू स्टेडियमवर तेथील सामन्यांना जी गर्दी लोटते, ती पाहून मुंबईकराने मान खाली घालावी. प्रस्तुत लेखकाच्या मते मुंबईची चूक खेळाडू घडविण्यात झाली नाही, संघ कोणाचा हे ठरविण्यात झाली. गिरगावाचा, लालबागचा म्हणावा असा बलाढ्य संघ आपण उभा केला नाही; गणेशोत्सवाची मंडळे मात्र गल्लोगल्ली उभी केली, आणि ती टिकली.

साखळी सामने बंद पडले नाहीत. परळच्या सेंट झेवियर्स मैदानावरही ते खेळले गेले आहेत. गेल्या त्या कंपन्या, आणि त्यांच्याबरोबर संघांची दप्तरे. आता जे काही उरले असेल ते घराघरांतून : कचेरीच्या संघाचे समूहचित्र, एखादे पदक, रजेच्या मंजुरीचा कागद. आपल्या सभासद कुटुंबांपैकी ज्यांच्याकडे असे काही असेल, त्यांनी छायाचित्राच्या पाठीमागे डावीकडून उजवीकडे नावे आणि साल लिहून ठेवावे. नावे सांगणारी माणसे अद्याप आपल्यात आहेत, तोवर हे काम व्हावे.