बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवसापासून

शरणपूर रोड माहीत नाही असा नाशिककर सापडणं कठीण. पण हे 'शरणपूर' मुळात कुठून आलं असं विचारलं, तर बरेच जण डोकं खाजवतात. चर्च मिशनरी सोसायटीनं १८३२ साली नाशकात काम सुरू केलं, आणि १८५०च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्यानं तेव्हाच्या गावाबाहेर ही वस्ती वसवली. गरज अगदी साधी होती. त्या काळी माणूस ख्रिस्ती झाला की दुसऱ्या दिवशी त्याला राहायला घर नसायचं, करायला धंदा नसायचा, पाणी भरायला विहीरसुद्धा नसायची. म्हणून मग तिथं अनाथाश्रम, शाळा, हाताला काम देणारे कारखाने.

हा 'दुसरा दिवस' मला फार महत्त्वाचा वाटतो. इतिहासाच्या पुस्तकात धर्मांतर म्हणजे एक तारीख असते. अमुक साली अमुक माणसानं बाप्तिस्मा घेतला, पूर्णविराम. आमच्या धंद्यात प्रॉडक्ट लाइव्ह गेलं की रात्री केक कापतात, पण खरं काम सुरू होतं दुसऱ्या दिवशी सकाळी! धर्माचंही तसंच असावं. तो दुसरा दिवस आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं कशी गेली, हे फार थोड्यांनी लिहून ठेवलंय. आपलं नशीब असं, की ज्यांनी ते सगळ्यात छान लिहिलं त्या बाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. लक्ष्मीबाई टिळक.

आधी त्यांच्या यजमानांविषयी. नारायण वामन टिळक (लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड), जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचा. शिक्षण नाशकात, संस्कृत शिकले ते गणेशशास्त्री लेल्यांकडे. कीर्तन करणारा, कविता करणारा, एका नोकरीत कधी न टिकणारा माणूस. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या, त्यांनी नवा करार हातात ठेवला आणि सांगितलं की तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते अर्थातच हास्यास्पद वाटलं. पण पुस्तक वाचायला घेतलं ते शंकांवर खुणा करत करत, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचल्यावर ते खाली ठेवता येईना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथपर्यंतची गोष्ट तारखेची. आता दुसरा दिवस.

लक्ष्मीबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या. शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या, थोडंफार लिहायला-वाचायला टिळकांनीच शिकवलं, तेही लहर लागेल तसं. माहेर गोखल्यांचं. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातनं आणलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. अशा घरातल्या मुलीच्या कानावर बातमी येते की नवरा 'बाटला'. पदरात तीन-चार वर्षांचा दत्तू. पुढची चार-पाच वर्षं नवराबायको वेगळे. कधी नाशिक, कधी पंढरपूर, कधी ह्या नातेवाइकाकडे, कधी त्या.

म्हणजे बघा, टिळकांच्या श्रद्धेची पहिली किंमत टिळकांनी नाही, लक्ष्मीबाईंनी मोजली. आणि तीसुद्धा न विचारता. टिळकांविषयी कितीही आदर असला तरी हे नजरेआड करता येत नाही, आणि 'स्मृतिचित्रे' लिहिताना लक्ष्मीबाईंनीही ते लपवलेलं नाही.

पुढं त्या नगरला टिळकांकडे राहायला आल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे. सोवळं शाबूत, चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. आणि मग कुणी प्रवचन न देता बाईंच्या डोक्यात एक विचार सुरू झाला. जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं केल्या असत्या तर प्राण्यांत दिसतो तसा काही फरक माणसामाणसांत दिसायला नको का? तो तर दिसत नाही. मग ही माणसाची करणी. ठरलं! आजपासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. १९०० च्या सुमारास राहुरीला त्यांचा आणि दत्तूचा बाप्तिस्मा झाला.

गंमत अशी आहे की दोघं एकाच ठिकाणी पोचले, पण रस्ते अगदी वेगळे. टिळक गेले पुस्तकातून, लक्ष्मीबाई गेल्या स्वयंपाकघरातून. टिळकांना ख्रिस्त कळला तो वाचून. लक्ष्मीबाईंना कळला तो पाण्याच्या तांब्यातून, नंतर दुष्काळातली अनाथ पोरं घरात आणून, नगरच्या प्लेगमध्ये आजारी मुलींची शुश्रूषा करून. ज्ञानात वाढ म्हटलं की आपल्यासमोर पुस्तकांची चळत येते. पण बाजारातली प्रत्येक वस्तू धुऊन घेणाऱ्या घरातली मुलगी आजाऱ्यांच्या उशाशी बसते, हे ज्ञान कुठल्या परीक्षेत मोजणार?

पण टिळकांची वाढही नुसती पुस्तकी राहिली नाही. ते नगरच्या सेमिनरीत शिकवू लागले, १९०४ साली पाळक झाले, पुढं 'ज्ञानोदय'चा मराठी भाग सांभाळला. आणि जसजसा ख्रिस्त जवळ येत गेला तसतसे ते परत तुकारामांकडे वळले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते सांगत. चर्चमध्ये तेव्हा इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं म्हणत. टिळकांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. त्यांची दोनशेहून अधिक गीतं मराठी उपासनेत गेली. 'अभंगांजली' त्यातलीच. शेवटी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला आणि त्याची दारं बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही उघडी ठेवली. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी हा माणूस आपल्या श्रद्धेचं घर नव्यानं बांधत होता. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला, गेलेच.

त्याच काळातल्या पंडिता रमाबाईंचंही असंच. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतर ज्या सिस्टरांनी आश्रय दिला त्यांच्याशीच वर्षानुवर्षं पत्रातून वाद घातले. त्या स्वतःच पुढं लिहितात त्याचा मतितार्थ असा, की धर्म आधी मिळाला, ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी. आणि त्यानंतर हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या ते १९२२ साली मरेपर्यंत. प्रश्न विचारणं म्हणजे श्रद्धा कच्ची, असं म्हणणाऱ्यांनी (ते सगळ्याच धर्मांत असतात) हे जरूर वाचावं.

आता परत लक्ष्मीबाई. टिळकांनी १९०९ मध्ये 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहायला घेतलं होतं. अकराएक अध्यायांपर्यंत आलं आणि राहिलं. टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी ते पुढं चालवलं. किती? चौसष्ट अध्याय! शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहून ग्रंथ पुरा केला. १९३८ साली तो छापून आला, तेव्हा लक्ष्मीबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

हा हिशोब मांडला की मी थोडा गप्प होतो. ज्या धर्मानं एके काळी तिचा संसार मोडला, त्या धर्माच्या मुळाशी असलेल्या माणसाची कथा ह्या बाईनं नवऱ्याच्या सहापट लांब लिहिली. ती काही पतीची इच्छा म्हणून उरकलेली नव्हती. तेवढ्यासाठी कुणी चौसष्ट अध्याय लिहीत नाही. मधल्या वर्षांत ती कथा तिची स्वतःची झाली होती.

असो. 'स्मृतिचित्रे' वाचली नसतील तर ह्या वीकएंडला सुरू करा. १९३४ ते ३६ मध्ये आलेलं हे पुस्तक आजही हसवतं, आणि हसता हसता मध्येच गळा दाटून येतो. धर्म कुठलाही असो, वाचताना एकदा हेही बघा, की बाई नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात, त्यांच्या चुका मोजून दाखवतात, आणि तरीही पानोपानी त्यांच्या बरोबरीनं चालत राहतात.