शीव दाखवणारे आणि शीव लिहिणारे

माझे पणजोबा गावची शीव दाखवीत. दोन गावांत हद्दीचा तंटा उठला की चावडीवरून महाराला बोलावणे येई. ओढा पूर्वी कुठून वाहत होता, हद्दीचा दगड कोणत्या झाडाखाली पुरला आहे, हे त्यालाच ठाऊक. त्याचा शब्द प्रमाण मानत. पण तो कागदावर उतरवी कुलकर्णी. ज्ञान आमचे, दप्तर त्यांचे! गावगाड्याची ही वाटणी शेकडो वर्षे चालली.

करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 साली या वाटणीवरच घाव घातला. महार वतन रद्द केले. कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. त्या कामाचे शिक्षण देऊन अस्पृश्य तरुणांनाही तलाठी केले. आपण 1902 चा 50 टक्के राखीव जागांचा हुकूम सांगतो, 1920 ची माणगाव परिषद सांगतो. ते सांगायलाच हवे. पण महाराचा पोरगा गावाचे दप्तर लिहायला बसला, ही क्रांती आपण फारशी सांगत नाही.

आज तोच प्रश्न रानाच्या निमित्ताने पुन्हा उभा आहे. 1958 साली दाजीपूरचे अभयारण्य झाले. 2012 साली राधानगरीचे रान पश्चिम घाटासह जागतिक वारशाच्या यादीत गेले. या निर्णयांत रानाकाठच्या वस्त्यांचा शब्द किती होता? 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांच्या सहभागातून नोंदवही सांगितली. 2004 च्या नियमांनी समितीत एक तृतीयांश स्त्रिया आणि किमान 18 टक्के अनुसूचित जाती-जमातींची माणसे घ्यायला सांगितले. कागद चांगला होता. पण हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, उशिराबद्दल राज्यांना महिना 10 लाखांचा दंड सांगितला, आणि वह्या भरण्याची घाई उडाली. घाईत लोकांना कोण विचारतो?

अशाच एका शिबिराला मी विद्यार्थी घेऊन गेलो होतो. वस्तीतली एक आजी दिवसभर पुढे चालली. कोणता कंद कधी खणायचा, कोणता झरा चैत्रात आटतो, सगळे तिने सांगितले. संध्याकाळी वहीवर सह्या झाल्या. तिने मला विचारले, "लेकरा, ह्यात माझं नाव कुठं हाय?" नाव नव्हते. जाणकारांचा रकाना होता, पण त्यात तिला फिरवणाऱ्यांची नावे होती. तो रकाना मीही तपासला नव्हता. शंभर वर्षांनी पणजोबांची काठी तिच्या हाती होती आणि दप्तराशी मी बसलो होतो.

म्हणून संवर्धनाचे प्रशिक्षण म्हणजे झाडांची नावे पाठ करणे नव्हे. ती वस्तीला येतातच. शिकायचे ते नकाशा वाचणे, गट नंबर ओळखणे, काय आधी राखायचे ते ठरवणे, ग्रामसभेचा ठराव लिहिणे आणि तो इतिवृत्तात आला की नाही हे पाहणे. विद्यार्थ्याने आजीजवळ बसून लिहावे, लिहिलेले तिला वाचून दाखवावे, तिने दुरुस्त करावे. मगच सही.

पुढच्या खेपेस आम्ही पहिल्या पानावर जाणकारांची नावे लिहिली. त्या आजीने आपले नाव दोनदा वाचून घेतले. मग म्हणाली, "आता झऱ्याचं लिव."