हवेची स्प्रिंग

माझ्या कपाटावर बंद पेटीच्या जुन्या स्पीकरांची एक जोडी आहे. पुढची जाळी काढायची, वूफरचा पडदा बोटांनी चहूबाजूंनी सारखा, अगदी हलक्या हाताने आत दाबायचा, दोन-चार सेकंद तसाच धरायचा आणि सोडायचा. पडदा झटकन परत येत नाही. दाबताना आतली थोडी हवा बारीकशा वाटेने बाहेर गेलेली असते. तेवढी पुन्हा आत यायला वेळ लागतो, म्हणून पडदा सावकाश वर येतो. गेल्या वर्षी डाव्या स्पीकरचा पडदा सोडल्याबरोबर परत येऊ लागला, आणि त्याच सुमारास तबल्याच्या रेकॉर्डिंगमधला डग्गा पोकळ लागू लागला. वूफरच्या कडेखालची पुट्टी वाळून फट पडली होती. ती बुजवली आणि डग्ग्याची घूम परत आली. तेव्हापासून या पेटीच्या कुळाचा शोध घ्यावासा वाटू लागला.

स्पीकरला पेटी लागतेच कशाला, इथून सुरुवात करू. पडदा पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या लहरी लांब असतात. त्या सहज वळसा घालून एकमेकींना गाठतात आणि पुसून टाकतात. उघडा स्पीकर हातात धरला तर खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, तो यामुळे. मागचा आवाज कोंडायला पेटी हवी. इथे आपल्या वाद्यांची आठवण येते. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा मुद्दाम बोलावा म्हणून निवडतात, त्याच्या बोलण्यातच तंबोऱ्याचं रूप आहे. स्पीकरच्या पेटीने मात्र स्वतःचं काही बोलायचं नसतं. भोपळ्याचा सूर तिच्यातून जसाच्या तसा यायचा असेल, तर तिने गप्प राहायला हवं.

चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघांनी १९२५ साली आजच्या स्पीकरचा सांगाडा मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेला कागदी पडदा. हे यंत्र चाललं, पण पेटीचा प्रश्न राहिला. लहान पेटीत कोंडलेली हवा पडद्याला मागून ढकलते आणि खर्ज आखडतो. यावर मुख्यतः दोन उपाय चालत. एक, पेटी कपाटाएवढी करायची. दुसरा, तिला भोक ठेवून मागचा आवाज योग्य वेळी पुढे काढायचा. या दुसऱ्या उपायाचं पेटंट बेल लॅब्सच्या अल्बर्ट थुरस यांना १९३२ साली मिळालं. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीचा कोपराच कर्ण्याचा भाग करून टाकला. आवाज भरदार, पण कोपरा स्पीकरच्या नावावर लिहून द्यायचा.

एडगर विल्चर यांनी प्रश्नच उलटा धरला. न्यूयॉर्कमध्ये १९१७ साली जन्मलेला हा माणूस शिकला कलेचा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात इलेक्ट्रॉनिक उपकरणं सांभाळताना तो या विद्येकडे वळला. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनी-पुनरुत्पादन शिकवू लागला. त्याच्या लक्षात आलं की खर्ज फाटतो तो पडद्याला धरून ठेवणाऱ्या कापडी-कागदी स्प्रिंगमुळे. थोडं ओढलं तर ती नीट ताण देते, जास्त ओढलं की एकदम ताठते. दुप्पट ओढीला दुप्पट ताण, हा हिशेब ती पाळत नाही. बंद पेटीतली हवा मात्र पडद्याच्या लहानशा हालचालीत तो हिशेब जवळजवळ तंतोतंत पाळते. मग कापडाला जवळपास रजा द्यावी आणि स्प्रिंगचं काम हवेकडेच सोपवावं. ज्या हवेला सगळे अडथळा म्हणत होते, तिलाच त्याने कामाला लावलं. मला ही कल्पना स्पीकरच्या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते.

पहिला नमुना घरात झाला. विल्चरने तयार वूफरची ताठ कड कापून टाकली. तिच्या जागी लागणारी सैल कड पत्नी रोझमेरी यांनी गादीच्या खोळीच्या कापडातून बेतली. स्पीकर बनवणाऱ्या कंपन्यांना कल्पना विकायचा प्रयत्न केला, कोणी घेतली नाही. वर्गातला एक विद्यार्थी, हेन्री क्लॉस, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला स्पीकरच्या पेट्या करत असे. गुरु-शिष्यांनी मिळून १९५४ साली तिथेच अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एआर-१ मांडला. पेटी फळीवर मावणारी, वूफर १२ इंची, आणि खर्ज मोठमोठ्या कपाटांना मागे सारणारा. चार वर्षांनी स्टिरिओ रेकॉर्डी बाजारात आल्या आणि घरोघरी एकाऐवजी दोन स्पीकर ठेवायची वेळ आली. दोन कपाटं कोण ठेवणार? छोट्या पेटीचं नशीब तिथे उघडलं. त्याच १९५८ साली आलेल्या एआर-३ मध्ये वरच्या सुरांसाठी घुमटाच्या आकाराचा छोटा पडदा होता. आजच्या ट्वीटरांचा तो पूर्वज.

दोन स्पीकरांची तुलना कशी करायची, याचं कूळही याच घरातून जातं, पण त्याचा मूळपुरुष आधीचा. थॉमस एडिसन यांच्या कंपनीने १९१५ पासून गावोगाव जाहीर परीक्षा लावल्या. रंगमंचावर गायिका आणि शेजारी ग्रामोफोन, मग दिवे मालवायचे. कोण गातंय ते श्रोत्यांनी ओळखायचं. यात नाव झालेल्या ॲना केस यांनी म्हातारपणी सांगून टाकलं की त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळता ठेवत. बिचाऱ्या यंत्राला बाईंनीच सांभाळून घेतलं होतं. अकूस्टिक रिसर्चने फाइन आर्ट्स क्वार्टेट या तंतुवादकांना घेऊन तोच प्रयोग काळजीपूर्वक केला. आधीचं मुद्रण घुमारा नसलेल्या ठिकाणी केलं, कारण सभागृह स्वतःचा घुमारा घालणारच असतं, तो दोनदा लागायला नको. मैफलीत वादक मधूनच गज तारांना न टेकवता हलवत राहत आणि आवाज स्पीकरमधून येई. बदल कुठे झाला, ते अनेक श्रोत्यांना सांगता आलं नाही.

विल्चरचं पेटंट मात्र टिकलं नाही. दुसऱ्या कंपनीशी झालेल्या खटल्यात, आरसीएच्या हॅरी ओल्सन यांचं आधीचं काम पुढे आलं आणि पेटंट रद्द ठरलं. विल्चर वरच्या न्यायालयात गेला नाही. १९६७ साली त्याने कंपनी विकली आणि श्रवणयंत्रांच्या संशोधनाला वाहून घेतलं. ऐकू कमी येणाऱ्याला हळू आवाज पोहोचावा आणि मोठा टोचू नये, यासाठी वेगवेगळ्या पट्टीतले सूर वेगवेगळ्या प्रमाणात वाढवायची रीत त्याने १९७३ साली प्रसिद्ध केली. तिचं पेटंट त्याने घेतलंच नाही.

क्लॉसने त्याआधीच वेगळं होऊन भागीदारांसह केएलएच कंपनी काढली होती. नावातला 'एच' म्हणजे त्याचा भागीदार अँटन हॉफमन, पियानोवादक योसेफ हॉफमन यांचा मुलगा. या अँटन हॉफमनच्या नावाने एक पक्का नियम चालतो आणि स्पीकर बदलायला निघालेल्या प्रत्येकाला मी तो आधी सांगतो. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. विल्चरने पहिल्या दोन घेतल्या आणि तिसरी सोडली. म्हणून त्याच्या वंशातल्या स्पीकरांना ताकदवान अँप्लिफायर लागतो. दुसऱ्या स्पीकरपेक्षा ३ डेसिबलने हळू वाजणाऱ्याला तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॅट खर्च करावे लागतात. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी भोकाच्या पेटीचं गणित पक्कं बसवलं आणि दुकानात आज दिसतात ते बहुतेक स्पीकर त्या घराण्यातले आहेत.

कोणी नवी जोडी घेऊन घरी आलं की मी जुनीच्या शेजारी मांडतो आणि आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घेतो. मोबाइलमधल्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर हे काम भागतं, मात्र मोबाइल बसायच्या जागेवर कानाच्या उंचीला हवा. एखादा डेसिबल जरी जास्त राहिला तरी कान त्यालाच चांगला म्हणून मोकळे होतात. मग आधी नुसत्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावतो. चारही तारांचं आवर्तन पुरं होऊ देतो, पेटी मध्येच स्वतःचं काही बोलते का ते ऐकतो, आणि मग विलंबित एकतालातला डग्गा.