मालेगाव: मागांचे शहर आणि साथींच्या वाटा

मोसम आणि गिरणा यांच्या संगमाजवळ नारोशंकरांनी बांधलेला मालेगावचा भुईकोट किल्ला जून १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. त्याच पावसाळ्यात बंगालातून निघालेली पटकी दख्खन ओलांडत होती आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. फौजा, तांडे आणि यात्रेकरू ज्या वाटांनी चालत, त्याच वाटांनी रोगही चालला. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या मालेगावला पुढेही प्रत्येक साथ रस्त्याने किंवा मनमाडच्या रेल्वेने गाठत राहिली. शहरात शिरल्यावर तिने शरीराचा कोणता भाग धरला, हे मात्र जंतूनुसार बदलले.

पटकीचा जंतू दूषित पाण्यातून पोटात जातो, लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि तिथे विष सोडतो. तो रक्तात शिरत नाही. शरीरातले पाणी आणि क्षार काही तासांत जुलाबावाटे निघून जातात आणि माणूस दगावतो. रॉबर्ट कोख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात या जंतूचा छडा लावला. तोवर महाराष्ट्रात मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडणे, हाच अनेकांना ठाऊक असलेला उपाय होता. विषमज्वर, हगवण आणि कावीळ यांचे जंतूही तोंडावाटेच शरीरात येतात. शहराच्या मधून वाहणारी मोसम जसजशी सांडपाण्याची नदी होत गेली, तसतसे पिण्याचे पाणी लांबून आणणे अटळ झाले. आज ते चणकापूर आणि गिरणा या धरणांतून येते.

प्लेगची वाट वेगळी होती. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. तिथून रेल्वेच्या कडेने प्लेग नाशिक जिल्ह्यात आला. उंदरावरची पिसू चावली की जंतू त्वचेतून आत जातो आणि जांघेतल्या किंवा काखेतल्या लसिकाग्रंथी सुजतात. म्हणूनच लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. जंतू पुढे रक्तात उतरला की मृत्यू बहुधा ठरलेला असे, आणि तो फुप्फुसात गेला तर खोकल्यातूनही पसरे. पिसवाच रोग वाहतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. त्याआधीच गावोगावचे लोक घरे सोडून माळावर झोपड्यांत राहायला जाऊ लागले होते, कारण घरात उंदीर पडू लागले की माणसे मरतात हे त्यांनी पाहिले होते. त्यांची ही समज शास्त्राच्या पुढे होती. नाशिकजवळच्या भगूरमध्ये १८९९ साली विनायक दामोदर सावरकरांचे वडील प्लेगनेच गेले. सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा केला आणि तोच कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाला मराठी माणसाने मानमोडी हे नाव दिले. जूनमध्ये मुंबईत दिसलेल्या तापाची दुसरी लाट सप्टेंबरनंतर आली आणि तीच खरी जीवघेणी ठरली. विषाणू श्वासनलिकेचे अस्तर सोलून काढी आणि उघड्या पडलेल्या फुप्फुसांत दुसरे जंतू शिरून न्यूमोनिया होई. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग झाले होते आणि अर्धपोटी शरीरे आजार पेलू शकली नाहीत. देशभरात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे दगावली, त्यांत वीस ते चाळीस वयाचे तरुण फार होते.

मालेगावचा स्वतःचा, कायमचा म्हणावा असा रोग मात्र क्षय. १८५७ नंतर बनारस, आझमगड, मऊ या भागांतून मोमीन विणकर इथे येत गेले. त्यांनी हातमागावर साड्या विणल्या. १९३५ च्या सुमारास वीज आली आणि यंत्रमाग खडखडू लागले. आज शहरात लाखाहून अधिक माग आहेत. पुष्कळ माग घराला लागून किंवा घराखालीच असतात, पाळी बहुधा बारा तासांची असते आणि कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून दारे-खिडक्या फारशा उघडत नाहीत. क्षयाच्या जंतूला एवढे पुरते. रोग्याच्या खोकल्यातून उडालेले सूक्ष्म थेंब बंद हवेत तासन्‌तास तरंगतात.

फुप्फुस हे क्षयाचे मुख्य ठिकाण असले तरी एकमेव नव्हे. मानेच्या गाठी सुजल्या की जुनी माणसे त्याला गंडमाळा म्हणत. हाच जंतू पाठीचा मणका पोखरतो, आतडे अरुंद करतो आणि लहान मुलाच्या मेंदूवरच्या आवरणाला सूज आणून त्याचा जीव घेतो. मागावरच्या कामगारांत आणखी एक गोंधळ होतो. कापसाच्या धुळीने छाती आवळून येणे, दम लागणे हा बिसिनोसिस नावाचा वेगळा आजार आहे. तो जंतूमुळे होत नाही आणि एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. पण खोकला तोच असल्याने 'धुळीचाच आहे' म्हणून क्षयाचे निदान महिनोन्‌महिने लांबते. मालेगावात दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला कोणताही खोकला धुळीचा धरून चालणे धोक्याचे आहे.

कोख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवला, पण औषध यायला १९४४ उजाडले. पन्नाशीच्या दशकात मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासाने सिद्ध केले की गोळ्या नियमित घेणारा गरीब रोगी दाटीच्या घरात राहूनही आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. हातावर पोट असलेल्या विणकराला याहून मोलाचा शोध दुसरा नव्हता.

पोलिओने शहराची वेगळी परीक्षा घेतली. हा विषाणू पटकीसारखाच तोंडावाटे येतो आणि आतड्यात वाढतो. बहुतेक मुलांना काहीच होत नाही. सुमारे दोनशे बाधितांत एकाच्या मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशी तो मारतो आणि पाय कायमचा लुळा पडतो. एक लुळे मूल सापडले की गटारात विषाणू दूरवर पसरलेला असतो, असा त्याचा अर्थ. १९९५ पासून देशात पल्स पोलिओ मोहिमा सुरू होत्या, तरीही २०१० मध्ये देशात सापडलेल्या ४२ रुग्णांत महाराष्ट्राचे ५ होते आणि त्यांत मालेगावचे नाव आले. उत्तर प्रदेश आणि बिहार हे तेव्हा विषाणूचे मोठे ठाणे होते, आणि मालेगावच्या मागांचे नाते त्याच भागाशी होते. डोसाबद्दलच्या अफवा केवळ सरकारी फलकांनी विरल्या नाहीत. त्यासाठी मशिदींतून आवाहने व्हावी लागली, उलेमांनी आणि मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी पुढे यावे लागले, दारोदार स्त्रियाच फिरल्या. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला.

८ एप्रिल २०२० रोजी मालेगावात करोनाचे पहिले पाच रुग्ण आढळले. श्वासावाटे आलेला हा विषाणू फुप्फुसांबरोबरच रक्तवाहिन्यांनाही इजा करतो, रक्त गोठवतो. माग थांबले, दाट वस्तीत अंतर राखणे अशक्य झाले आणि बंदोबस्ताचे अनेक पोलीसही आजारी पडले. खासगी दवाखाने बंद राहिल्याने मधुमेह, हृदयविकार असलेल्यांचे हाल झाले. उपचार न मिळणे हेही जीवघेणे होते. मन्सुरा इथल्या युनानी महाविद्यालयाच्या काढ्याची ख्याती तेव्हा शहराबाहेर गेली. लोकांना त्याने धीर दिला, पण ख्याती हा औषधाचा पुरावा ठरत नाही.

दोनच वर्षांनी, २०२२ च्या अखेरीस, मुंबई आणि भिवंडीबरोबर मालेगावातही गोवर उसळला. गोवराचा विषाणू श्वासातून येतो, पांढऱ्या पेशींत वाढतो आणि अंगावर पुरळ उठवतो. पुरळ जाते, पण आधीच्या आजारांविरुद्ध शरीराने कमावलेली प्रतिकारशक्ती तो पुसून टाकतो, म्हणून मूल नंतर न्यूमोनियाने किंवा जुलाबाने दगावते. करोनाच्या काळात लसीकरण मागे पडले होते, आणि साथ थांबायला शंभरातली पंचाण्णव मुले लसवंत असावी लागतात. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायची असते. सरकारी दवाखान्यांत ती फुकट मिळते.