माथेरानची हातरिक्षा

थंड देशांत डोंगरावरच्या बर्फावरून घसरण्याची मौज करावयास माणसे पैसे मोजतात. आपल्या सह्याद्रीवर बर्फ नाही. आपण पैसे मोजतो ते थंड हवेसाठी. म्हैसमाळच्या माथ्यापर्यंत मोटार जाते. माथेरानला मात्र ती दस्तुरी नाक्यावर थांबते, आणि मला बोलावयाचे आहे ते त्या नाक्यापासून पुढच्या वाटेविषयी.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढला. १९०७ मध्ये पीरभॉय घराण्याने नेरळहून छोटी आगगाडी वर नेली. ही नावे पुस्तकांत आहेत. पण तांबड्या मातीच्या चढावरून म्हातारेकोतारे, आजारी माणसे आणि सामानसुमान ज्यांनी हातरिक्षात घालून ओढले, त्यांची नावे कोठे आहेत? मोटारींना बंदी घातली हे उत्तमच झाले, झाडे राहिली. मात्र इंजिनाचे काम माणसाच्या छातीवर आले. सहलीला गेलेल्याने या गाडीत बसून फोटोही काढून घेतले!

ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. पंजाबातील रिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेचा १९८० चा खटला त्यात आधाराला होता. नुसती बंदी आली असती तर चुलीच विझल्या असत्या. विजेच्या रिक्षा खऱ्या ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही निकालात आहे. त्यातला ‘खऱ्या’ हा शब्द मी संघटनेच्या सभेत दोनदा वाचला. परवाना एकाच्या नावावर आणि घाम दुसऱ्याचा, हे आम्ही पुष्कळ धंद्यांत पाहिले आहे.