गोवरीपासून गोकाष्ठापर्यंत

म्हातारपण आले की मराठीत ‘गोवऱ्या मसणात गेल्या’ असे म्हणतात. चितेला लाकडाच्या जोडीने गोवरी लावणे ही आपल्या पूर्वजांची रीत होती, याची साक्ष हा वाक्प्रचार देतो. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरास तळ दिला. त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. तिच्यासंगे आलेल्या मराठी घरांनी ‘गोवरी’ हा शब्द येथे जपला. शेजारी तिला कंडा म्हणत, आजही म्हणतात.

गोवरीची कृती सोपी वाटते, पण तीत कसब आहे. ताज्या शेणात सुमारे चार पंचमांश पाणीच असते. त्यात भुसा कालवून, हाताने थापून, ते उन्हात वाळवायचे. भुशाचे तंतू शेणाला धरून ठेवतात. वाळलेल्या गोवऱ्या रचून, वरून शेणाने लिंपून केलेला हुडवा पावसाळ्याची बेगमी असे. मात्र थापण्याचे कष्ट आणि चुलीचा धूर, दोन्ही बायकांच्याच वाट्याला आले.

साठवण अशी सावकाश होते. अवचित मरणाला मात्र हाताशी असेल तेच सरपण. 18 जून 1858 रोजी राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरात धारातीर्थी पडल्या, तेव्हा बाबा गंगादासांच्या मठातील साधूंनी झोपडी मोडून व गवताची गंजी रचून चिता सिद्ध केली, असे येथील परंपरा सांगते.

एका दहनास सर्वसाधारणपणे चार ते पाच क्विंटल लाकूड लागते. ते वाचावे म्हणून येथील महापालिकेच्या लाल टिपारा गोशाळेत गोकाष्ठ तयार होऊ लागले. यंत्रातले मळसूत्र शेण व भुसा दाबून साच्यातून लांब ओंडका बाहेर काढते. त्याच्या मधोमध आरपार पोकळी असते. तीतून हवा खेळते, म्हणून तो लवकर वाळतो आणि नीट पेटतो. हाताचे काम मळसूत्राने केले, इतकेच; वस्तू मुळात गोवरीच.

तरीही जाळलेले शेण शेताला अंतरते. त्याच गोशाळेत 2 ऑक्टोबर 2024 रोजी बायो-सीएनजी प्रकल्पाचे लोकार्पण झाले. रोज 100 टन शेणाची त्याची क्षमता असून त्यातून इंधन मिळते आणि खतही उरते. म्हणून चुलीत शेण जाळणे सुटावे, चितेपुरते ते राहावे, असे आम्हांस वाटते. आमच्याही गोवऱ्या आता वाटेस लागल्या आहेत. त्या गोकाष्ठाच्या असोत. त्याने रीत मोडत नाही, आणि झाड उभे राहते.