ठिगळाची प्रतिष्ठा

युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे येतात. घरी बसून ठिगळे लावणाऱ्या मातांची येत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील कापडगिरण्या व कामगार सैन्याच्या गरजांकडे वळवावे लागले. १ जून १९४१ रोजी, पेन्टेकॉस्टच्या रविवारी, व्यापार मंडळाचे अध्यक्ष ऑलिव्हर लिटलटन यांनी नभोवाणीवरून कपड्यांचे रेशनिंग जाहीर केले. प्रौढ व्यक्तीस पहिल्या वर्षासाठी ६६ कूपने मिळाली; लोकरीच्या एका झग्यालाच त्यांतली ११ लागत.

१९४३ साली सरकारने ‘मेक डू अँड मेंड’, म्हणजे ‘आहे त्यात भागवा, फाटले ते सांधा’, ही पुस्तिका काढली. शिवणाचे वर्गही भरू लागले. मध्यभागी विरलेली चादर उभी कापून तिच्या धड राहिलेल्या कडा मध्ये आणून शिवाव्यात, जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचा नवा विणावा, अशा युक्त्या घरोघरी रूढ झाल्या.

वस्तुतः गरिबांच्या घरी ही विद्या पूर्वापार होतीच. परंतु तेथे ती दारिद्र्याची खूण समजली जाई. श्रीमंतांनाही कूपने मोजावी लागली, तेव्हा तीच देशसेवा ठरली. १५ मार्च १९४९ रोजी कपड्यांचे रेशनिंग उठले. हातांच्या श्रमाला मान मिळण्यासाठी टंचाईचीच वाट पाहावी काय, हा प्रश्न मात्र त्या दिवशी उठला नाही. तो आजही आपल्यापुढे आहे.